पायली, शेर, अधोली: खान्देशातल्या धान्याच्या मापांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव शिरपूर तालुक्यातलं. आजीच्या हाताखाली मी धान्य मोजायला शिकले, आणि तिचा पत्र्याचा शेर आज माझ्या स्वयंपाकघरात आहे. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाआधी, आणि उन्हाळ्यात पापड-कुरडयांच्या दिवसांत पुण्या-नाशिकची भावंडं हमखास फोन करतात, "आजी पायली म्हणायची, ती नेमकी किती गं?" तेच ते प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

पायली म्हणजे किती किलो?

या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही. ते का नाही, हे कळलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

किलो हे वजन आहे. पायली हे भांड्याचं माप आहे. भांड्यात किती जागा आहे एवढंच पायली सांगते, आत काय भरलंय त्याच्याशी तिला देणंघेणं नसतं. एकाच पायलीत ज्वारी भरली तर एक वजन येईल, उडीद भरला तर थोडं जास्त येईल आणि भुईमुगाच्या शेंगा भरल्या तर निम्म्याहूनही कमी. शेंगांमध्ये पोकळीच फार असते.

माझ्याकडच्या शेरात काठोकाठ पाणी भरलं तर साधारण १ लिटर २०० मिली मावतं. त्यात ज्वारी सपाट भरली की ९०० ग्रॅमच्या आसपास भरते. चार शेरांची पायली, म्हणजे सपाट पायली ३ किलो ६०० ग्रॅम. वर शीग, म्हणजे काठावरचा धान्याचा डोंगर, ठेवली तर पावणेचारच्या पुढे जाते. हा हिशेब आमच्या शेराचा. तुमच्या घरचा शेर मोठा असेल तर तुमची पायलीही मोठी. मराठवाड्यातल्या सोयरिकीत पायलीचा शब्द निघाला की ते आमच्या जवळजवळ दुप्पट धान्य सांगतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

मग शेर म्हणजे किलोच ना? सगळे तसंच म्हणतात.

तसं म्हणायला एक कारण आहे. शेर दोन होते. एक तागडीचा, वजनाचा. तो ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबात ९३३ ग्रॅम. दुसरा मापाचा, म्हणजे भांडं. ज्वारीच्या मुलखात शिगेनं भरलेला मापाचा शेर वजनाच्या शेराच्या जवळपास जातो. आमचा तरी जातो. आणि वजनाचा शेर किलोच्या जवळ. म्हणून जुनी माणसं तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरायची. ज्वारीपुरतं ते चालून जातं. मात्र कापसाची सरकी, तीळ किंवा शेंगा मोजायला घेतल्या की हिशेब चुकलाच समजा.

मापांचं कोष्टक काय आहे?

लहानाकडून मोठ्याकडे जाऊ. दोन निळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं. दोन मापटी म्हणजे एक शेर. दोन शेर म्हणजे एक अधोली, आणि दोन अधोल्या म्हणजे एक पायली. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. काही भागांत मण सोळा पायल्यांचा धरत, तेव्हा जुन्या कागदावर नुसता मण लिहिलेला दिसला तर आधी तो कुठल्या गावचा आहे ते पाहावं.

पायलीपर्यंत सगळं दुपटीनं वाढतं, हे लक्षात घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही अर्धं आणि दुप्पट डोळ्यांनी कळतं. मापटं दोनदा ओतलं की शेर भरलाच पाहिजे. नाही भरला तर दोहोंतलं एक खोटं. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण कुणाचंही माप तपासायला तिला एवढं पुरायचं.

मण चाळीस शेरांचा की अठ्ठेचाळीस?

दोन्ही. वजनाचा मण चाळीस शेरांचा, म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम. मापाचा मण बारा पायल्यांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस शेर. आज बोलताना कुणी मण म्हटलं तर सरळ ४० किलो धरतात. पण नवापूरकडून गुजरातेत उतरलात तर तिथे बाजारात मण २० किलोचा. सीमेवरच्या गावांत भाव ऐकताना आधी 'कोणता मण?' असं विचारावं.

शीग म्हणजे काय? तिच्यावरून एवढी भांडणं का व्हायची?

माप काठापर्यंत भरल्यावर वर जो धान्याचा डोंगर उभा राहतो, ती शीग. मापावरून हात किंवा काठी फिरवून काठाबरोबर केलं तर ते सपाट माप. उत्सुकता शिगेला पोहोचली, असं आपण रोज लिहितो, बोलतो. तो शब्द हाच, धान्याच्या मापाच्या टोकाचा.

शीग फुकटची वाटते, पण तिच्यात बरंच धान्य असतं. साधा हिशेब करून पाहा. पाच लिटरचं उभट माप घ्या, तोंड १७ सेंटीमीटर रुंद. त्यावर धान्याची शीग उभी राहील ती साधारण ३०० मिलीची. आता तेवढंच पाच लिटरचं, पण पसरट, २४ सेंटीमीटर तोंडाचं माप घ्या. त्याची शीग ९०० मिलीपर्यंत जाते. दोन्ही मापं सपाट भरली तर सारखीच, पण शिगेनं भरली तर दर मापामागे अर्धा शेर ज्वारीचा फरक. वीस मापं मोजली की दहा शेर इकडचे तिकडे.

म्हणून सौदा ठरताना भावाच्या आधी 'शिगेनं की सपाट' हे बोलून घ्यायचे. घेणारा पसरट माप आणायचा आणि शीग मागायचा. देणारा उभट मापाचा आग्रह धरायचा. नात्यात, शेजारात उसनं देताना शिगेनं द्यायचं आणि परत घेताना सपाट घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. शेजारीण शेर परत करायला आली की आजी म्हणायची, "शीग ऱ्हाऊ दे", आणि वरचा डोंगर हातानं तिच्याच टोपलीत लोटून द्यायची.

रास मोजताना 'एक' का म्हणत नाहीत?

खळ्यावर मळणी झाली, वाऱ्यावर उफणून धान्य स्वच्छ झालं की रास लागायची. रास पुजून मग मोजणी. मोजणारा पहिलं माप ओतताना 'लाभ' म्हणायचा. त्यानंतर दोन, तीन, चार. पहिलं माप लाभाच्या नावानं गेलं की पुढचं सगळं लाभातच मोजलं जातं, अशी भावना. एकटेपणा दाखवणारा 'एक' राशीवर उच्चारायचा नाही.

मोजणारा एका लयीत बोलायचा. दुसरं माप ओतून होईपर्यंत 'दोन, दोन, दोन' असं घोळवत राहायचा, म्हणजे आकडा विसरायला नको आणि बाजूला बसलेल्यांनाही ऐकू जावा. आमच्याकडे दर बारा पायल्यांना एक मूठ ज्वारी गोणपाटावर वेगळी ठेवत. शेवटी मुठी मोजल्या की मण कळले. मी सात-आठ वर्षांची असताना त्या मुठींवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे असे. चिमण्यांनी एक मूठ टिपून टाकली तर अख्खा मण हिशेबातून गेला, म्हणून जागचं हलायचं नाही. संध्याकाळी आजी अंगणातून विचारायची, "कितल्या पायल्या व्हयन्यात?" आणि मी मुठी सांगायची. पायल्या ती स्वतःच मनात करायची.

मापात फसवणूक कशी व्हायची?

'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही. तळ आतून ठोकून बाहेर फुगवलेलं माप मी स्वतः पाहिलंय. आठवडे बाजारात एका व्यापाऱ्यानं आमचे हरभरे मापले आणि घरून वीस पायल्या मोजून नेलेला माल तिथे बावीस पायल्यांवर भरायला हवा होता, कारण त्याचं माप आमच्याहून लहान असल्याचं तोच सांगत होता. भरला अठरा. आजोबांनी माप उलटं करून तळावर हात फिरवला. बाहेरून खोलगट लागलं तर तळ आत दाबलेला असतो आणि त्या मापात धान्य कमी बसतं. पण इथे तळ बाहेरच्या बाजूला फुगवलेला होता. घ्यायच्या मापाचा तळ बाहेर, द्यायच्या मापाचा तळ आत. अशी दोन मापं एकाच दुकानात असायची.

बाकीच्या युक्त्या हाताच्या. धान्य वरून धारेनं सोडलं तर दाणे दाटून बसतात आणि मापात जास्त मावतं. अलगद टेकवून ओतलं तर सैल बसतं. भरताना मापाला गुडघ्याचा धक्का दिला की पुन्हा मूठ-दोन मुठींची जागा होते. म्हणून भरलेलं माप हलवायचं नाही, असा दंडक होता.

'पायलीला शेर' असं पाककृतीत म्हणतात, ते काय?

प्रमाण सांगायची ही आमची भाषा. खान्देशात कळण्याची भाकरी घरोघर होते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ म्हणजे कळणा. आमच्या घरी पायलीला शेर उडीद, म्हणजे चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, आणि दळतानाच थोडं जाडं मीठ. काही घरांत उडीद याहून जास्त असतो, तेव्हा भाकरी काळसर आणि खुसखुशीत होते.

शहरातल्या बहिणींना सांगणं हे की पायली किलोत बदलायच्या फंदात पडू नका. तुमच्याकडची कुठलीही वाटी घ्या. चार वाट्या ज्वारी, एक वाटी उडीद. मापानं सांगितलेलं प्रमाण मापानंच पाळलं की चव चुकत नाही.

पेरणीत पायली कशी वापरायचे?

शेताचा अंदाज बियाण्यावरून सांगायचे. अमुक इतक्या पायल्यांचं रान, असं. आता पाहा, ज्वारीला हेक्टरी साधारण १० किलो बियाणं लागतं, म्हणजे एकरी ४ किलोच्या आसपास. आमची शिगेची पायली त्याच्या अगदी जवळ जाते. पायलीभर दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, घेऊन माणूस पाभरीवर (पेरणीच्या अवजारावर) गेला की एकर पेरून येणार, हा आजोबांचा ठोकताळा होता. पायली लवकर संपली तर चाड्यावरची (पाभरीवर बी सोडायच्या वाडग्यावरची) मूठ सैल सुटलीय, उरली तर पेरा विरळ झालाय. एकाच भांड्यात बियाण्याचा हिशेब आणि हाताची परीक्षा दोन्ही होऊन जायचं.

बलुतं आणि सालदाराचा मोबदला मापानंच द्यायचे का?

हो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार यांचं वर्षाचं देणं खळ्यावरच, राशीतून, मापानं व्हायचं. त्यात माप कुणाचं वापरायचं हा प्रश्न दुबळ्याच्या बाजूनं फार मोठा होता. माप मालकाचं, मोजणारा मालकाचा, आणि घेणारा पसरलेल्या पदरानं समोर उभा. सुगी चांगली असली तर शीग दिसायची, दुष्काळात तळ दिसायचा. काम मात्र दोन्ही वर्षी तेवढंच. गावगाड्याचं गोड चित्र रंगवताना ही बाजू सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याचं, साल आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं. पैशांबरोबर धान्यही ठरायचं, तेव्हा मणात आणि पायलीत. आता क्विंटलमध्ये बोलतात.

कापसाच्या बाजारात अजून 'खंडी' ऐकू येते. ती हीच का?

नाव तेच, माप वेगळं. कापूस कधीच पायलीनं मोजला नाही; दाबला की दबतो, सोडला की फुगतो, त्याला भांडं काय करणार? तो तोलूनच घ्यायचा. जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव आजही खंडीवर सांगतात. ही खंडी जुन्या मुंबई बाजाराची, ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६२ किलो. व्यवहारात ३५६ किलो धरतात. १७० किलोच्या गाठी धरल्या तर दोन गाठींहून थोडी जास्त. शेतकरी कच्चा कापूस क्विंटलनं विकतो आणि बातम्यांत रुईचा भाव खंडीनं वाचतो, त्यामुळे गोंधळ होतो. खंडीचा भाव वाचलात तर तो सरकी काढलेल्या रुईचा आहे, हे लक्षात ठेवा.

लग्नात नवरी जे ओलांडते त्याला 'माप' का म्हणतात?

कारण ते खरोखरच धान्य मोजायचं माप असतं. उंबऱ्यावर तांदळानं भरलेला शेर किंवा मापटं ठेवायचं आणि नवरीनं उजव्या पायानं ते आत लवंडायचं. 'माप ओलांडून आली' म्हणजे सून म्हणून घरात आली. आता बाजारात चकचकीत, मणी लावलेले कलश मिळतात आणि फोटोत छान दिसतात. पण ज्या भांड्यानं त्या घरात रोजचं धान्य निघतं तेच उंबऱ्यावर ठेवलं तर त्याला काही अर्थ आहे. माझ्या लग्नात सासूबाईंनी आपला वापरातला शेर ठेवला होता. कडेला पोचा आलेला, आतून घासून गुळगुळीत झालेला. तांदूळ गोळा करून दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच शेर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आजचा स्वयंपाक तुझ्या मापानं."

कानबाईच्या रोटांना कोणतं माप लागतं?

मूठ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य घेतात. कुणाकडे नुसता गहू, कुणाकडे बरोबर हरभऱ्याची डाळ. ज्याची त्याची कुळाची रीत. इथे शेर-पायली चालत नाही, आणि मूठ पूर्ण आकड्यात थांबत नाही, वर पाव असतोच. परगावी नोकरीला असलेल्या मुलाच्या नावाचीही सव्वा मूठ निघते.

पसा आणि ओंजळ यांत फरक काय? 'पसायदान' यातूनच आलं का?

एका हाताचा खळगा म्हणजे पसा, दोन्ही हात जोडले की ओंजळ. सुपातून जात्यात घालताना पसा, भिक्षेकऱ्याला देताना ओंजळ. पसायदानातला पसाय मात्र वेगळा. तो 'प्रसाद' या शब्दातून आलेला आहे.

मापांवरच्या म्हणी कोणत्या?

'शेरास सव्वाशेर' सगळ्यांना माहीत आहे. 'पायलीचे पंधरा अन् अधोलीचे सोळा' म्हणजे ढिगानं मिळणारी, किंमत नसलेली वस्तू. अधोली पायलीच्या अर्धी, तरी तिच्यात एक जास्त, एवढी ती स्वस्त! 'खंडीभर पोरं' यातली खंडी विसाची. 'पेव फुटणं' हे मापाचं नाही, पण नात्यातलंच: जमिनीत धान्य साठवायचा खोल खड्डा म्हणजे पेव.

आज पायलीनं धान्य विकणं कायद्यात बसतं का?

नाही. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ पर्यंत जुनी मापं व्यवहारातून बाद झाली. आता २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. विक्री किलो-क्विंटलमध्येच करायची. घरात, उसनवारीत, स्वयंपाकात तुम्ही कोणतं भांडं वापरता याच्याशी कायद्याचा संबंध नाही. विक्रीपुरता हा बदल चांगलाच झाला, असं माझं मत आहे. फुगवलेल्या तळाचं माप ज्यानं पाहिलंय तो शिक्का मारलेल्या काट्याला नावं ठेवणार नाही.

पायली गेल्यावर तिची जागा कशानं घेतली?

पंधरा किलो तेलाच्या डब्यानं. गिरणीत 'एक डबा दळण' म्हणतात ते हेच नवं माप. पण तेल वेगळं, ज्वारी वेगळी. त्याच डब्यात ज्वारी साधारण १२ किलो मावते. डबा पंधरा किलोचा म्हणून पंधरा किलोच्या दळणाचे पैसे देऊ नका, काट्यावर ठेवून बघा.

आमच्या घरात जुनं माप सापडलंय. ते शेर आहे की अधोली, कसं ओळखायचं?

आधी वरची कड आणि तळ पाहा. पोचे असतील तर ठोकून सरळ करू नका, आहे तसंच मोजा. सपाट जागी ठेवून लिटरच्या मापानं त्यात पाणी ओतत जा आणि काठाला टेकेपर्यंत किती गेलं ते लिहून ठेवा. घरात दुसरं माप असेल तर एकातून दुसऱ्यात ओता. दुपटीत बसलं तर दोघं एकाच कोष्टकातली. नंतर त्यात ज्वारी सपाट भरून वजन करा, शिगेनं भरून पुन्हा करा, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून तो कागद मापातच ठेवा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर माप त्यांच्या हातात द्या. नुसतं उचलून, अंगठा कडेवर ठेवून ती माणसं नाव सांगतात. पत्र्याचं असेल तर पाणी लगेच पुसा आणि तासभर उन्हात पालथं घाला. तळाच्या सांध्यात ओल राहिली की तिथूनच गंज धरतो.